माळावरची पांढरी कडी

कोणीतरी पत्ता सांगितला. दर वर्षी कोणीतरी सांगतोच. रानात एखादे दुर्मीळ पाखरू बसलेले दिसते, पाहणाऱ्याचे मन भरून येते, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो आनंद त्याला एकट्याला पेलेनासा होतो. मग मोबाइलवरून फोटो जातो, फोटोमागून वाट जाते, वाटेवरून गाड्या येतात. आठवड्याभरात तिथे चाकांच्या चाकोऱ्या उरतात, पाखरू नसते. सांगणारा मात्र अजून छाती काढून सांगत असतो, की सर्वांत आधी मी पाहिले. तो कोण, हे विचारत बसायला वेळ नाही. ज्याचे त्याला ठाऊक आहे. त्याच्यासाठी ही गोष्ट आहे. बसायला फुरसत नसेल तर त्याने ती उभ्या उभ्या ऐकावी.

एकदा एका विस्तीर्ण माळाच्या कडेला एक वृद्ध गुरू राहत होते. माळ म्हणजे दिसायला अगदी काहीच नव्हता. डोंगर नाही, मोठे झाड नाही, एका बाजूला एक बारीक ओढा आणि बाकी क्षितिजापर्यंत गवत. मधूनमधून काळे खडक, तरवडाची झुडपे, बोरी आणि एखादी हिवर. वाटसरू त्या माळाला ओसाड म्हणत आणि पाय उचलून चालत. गुरूंनी मात्र सारे आयुष्य तिथे काढले होते. त्यांची शिकवण्याची रीतही माळासारखीच उघडी होती. शिष्याने सकाळी माळावर जावे, दिवसभर पाहावे, आणि संध्याकाळी येऊन पाहिलेले सांगावे. पोथी नाही, पाठांतर नाही.

त्यांचा एक तरुण शिष्य नदीकाठच्या गावातून आला होता. मळे, आमराया, घाट पाहिलेला हा मुलगा माळावर आला आणि कंटाळला. संध्याकाळी तो सांगे, "गवत पाहिलं. मेंढरं पाहिली." गुरू मान डोलावत आणि म्हणत, "उद्या पुन्हा जा."

आठवड्याच्या बाजाराला तो गेला की दुकानदार त्याची थट्टा करत. "काय शिष्यबुवा, या आठवड्यात किती दगड पाहिलेत? काळा जास्त की तांबडा?" सगळे हसत. तो मान खाली घालून मीठ-तेल घेई आणि परत फिरे. आपण शिकतो त्या जागेची लाज वाटणे, याहून मोठे दुःख विद्यार्थ्याला नसते.

आणि मग भाद्रपदातल्या एका सकाळी त्याला ती दिसली.

गवत गुडघ्याला लागत होते. चालता चालता त्याच्या समोरून एक उंच, मोठे पाखरू सावकाश उठले. मान लांब, डोक्यावर काळी टोपी, पाठ वाळल्या गवताच्या रंगाची. माळढोकाची मादी. ती उडाली नाही. पंख सैल सोडून, लंगडल्यासारखी, त्याला दूर नेऊ पाहू लागली. त्याने खाली पाहिले. घरटे नव्हते, आडोसा नव्हता, काडीही नव्हती. उघड्या जमिनीवर एकच अंडे होते, विटक्या हिरव्या रंगाचे, तपकिरी ठिपक्यांचे. हे पाखरू वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, हे त्याने गुरूंच्या तोंडून ऐकले होते. तो पावलापावलाने मागे सरला, दूर जाऊन एका खडकाआड बसला. बऱ्याच वेळाने ती परत आली, मान वळवून चारी दिशा पाहिल्या आणि अंड्यावर बसली. बसताच दिसेनाशी झाली. त्याचे डोळे पाण्याने भरले.

आता त्या माळावर मेंढपाळांची एक रीत होती. कळप चालता चालता एखादी मेंढी वाटेतच व्याली, तर त्या जागेभोवती दगडांचे कडे घालायचे. मागून येणारा दुसरा कळप ते कडे पाहून वळसा घालून जाई. कडे दिसले की आत पाऊल टाकायचे नाही, हे त्या मुलखातले पोरही चालायला लागल्याबरोबर शिके. शिष्याला ती रीत ठाऊक झाली होती. मेंढरांच्या खुरांखाली अंडे जाऊ नये म्हणून त्याने मादी दुपारी चरायला उठली तेव्हा अंड्याभोवती कडे घातले. काळे दगड पायाशीच पडले होते. तो मात्र ओढ्यापर्यंत गेला आणि पांढऱ्याशुभ्र गारगोट्या घेऊन आला. काम झाल्यावर उंचवट्यावर चढून त्याने पाहिले. हिरव्या-पिवळ्या माळावर ते कडे चांदीच्या वाळ्यासारखे चमकत होते.

त्या संध्याकाळी त्याने गुरूंना काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

"या शिष्यबुवा!" दुकानातून हाक आलीच. "आज कोणता दगड?"

तो थांबला. आज मान खाली गेली नाही. "दगड नाही. माळढोक. मादी अंड्यावर बसलेली पाहिली. तुमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिली नसेल."

दुकानदाराने हातातला तराजू खाली ठेवला. गादीवर एक कापडाचा मोठा व्यापारी बसला होता. जगातल्या अपूर्व वस्तू जमवण्याचा त्याला नाद होता, आणि माणूस दिलदार होता. जमवलेले सगळ्यांना बोलावून दाखवी. तो पुढे सरकला. "अंडं? खरंच?"

"खरंच म्हणजे? मी कडं घातलंय भोवती. पांढऱ्या गारगोट्यांचं. अर्ध्या कोसावरून दिसतं."

"वा!" व्यापाऱ्याने मांडीवर थाप मारली. "माझ्या काचेच्या कपाटात मोराचं अंडं आहे, शहामृगाचं आहे, मगरीचंसुद्धा आहे. माळढोकाचं तेवढं नाही. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. तुझं नाव लिहीन रे खाली, कोणी शोधलं म्हणून!"

अंडे जाणार, हे शिष्याच्या आत्ता ध्यानात आले. पण सारा बाजार त्याच्याकडे कौतुकाने पाहत होता. नाही म्हणायला तोंड उघडेना. मीठ-तेल विसरून तो निघाला, आणि अर्ध्या वाटेपासून धावत आला.

गुरू अंगणात बसून धोतराला चिकटलेली कुसळे काढत होते. त्याने सगळे सांगितले. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "काळे दगड जवळ होते ना?"

"होते."

"मग गारगोट्या कशाला?"

"दुरून दिसाव्यात म्हणून."

"मेंढरं दुरून बघतात होय रे?"

शिष्य माळाकडे वळला. मग घाईघाईने म्हणाला, "मी आत्ता जातो. कडं मोडून टाकतो."

"नको," गुरू उठत म्हणाले. "टोपली घे. ओढ्यावर जाऊ."

आणि मग त्यांनी जे आरंभले ते शिष्याला काही केल्या कळेना. ओढ्यातून टोपलीभर गारगोट्या आणल्या आणि माळावर एका जागी गुरूंनी स्वतः वाकून कडे घातले. पांढरे, गोल, लख्ख. आत काहीच नव्हते. "आता असंच दुसरं," ते म्हणाले. "मग तिसरं. थांब म्हणेपर्यंत घालत जा. नियम एकच. जिथं काही जिवंत दिसेल तिथं कडं घालायचं नाही. रिकामी जागा शोधायची."

शिष्याला हे मूर्खपणाचे वाटले. उद्या सकाळी व्यापारी येणार, अंडे जाणार, आणि हे म्हातारपण दगडांशी खेळते आहे! पण आज्ञा मोडण्याचे तोंड त्याला उरले नव्हते. तो टोपली घेऊन निघाला.

पहिली जागा त्याने पाहिली आणि दगड खाली ठेवणार तोच थबकला. तिथे मुंग्यांनी बियांची टरफले बिळाभोवती रचून ठेवली होती, एक नाजूक तांबूस कडे आधीच तयार होते. तो पुढे सरला. तिथे एका खडकावर सरडा बसला होता. त्याने मान उचलली आणि गळ्याखालून निळा-काळा-केशरी पंखा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. इतका रंग या माळावर होता कुठे? शिष्य अजून पुढे गेला. गवताच्या बुंध्यापासून एक चंडोल सुटला आणि गात गात सरळ आभाळात चढला. बुंध्याशी वाटीएवढे घरटे होते, आत उघड्या चोची. तो ओंजळ मागे घेऊन हळूच सरकला. पुढे लांडग्याची वाळकी विष्ठा, तिच्यात मेंढीची लोकर, आणि त्या लोकरीतून उगवलेले बोराचे इवलेसे रोप. त्याच्यापुढे पखुर्डी पाखरांची जोडी, मातीत माती होऊन बसलेली; पाय पडता पडता राहिला.

उन्हे कलली तरी त्याची कडी थोडीच झाली होती. दगडांची कमतरता नव्हती. रिकाम्या जागांची होती.

कळप घेऊन म्हाकू नावाची मेंढपाळीण आली. तिने माळावर ठिकठिकाणी कडी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! म्हातारबा, ह्ये काय वो? समद्या मुलखाच्या मेंढ्या आज हितंच व्याल्या की काय?"

गुरू हसले. "हात लावतेस का, म्हाकू?"

"लावते की. पर काय बाळंतपण तरी कळू द्या." मग तिची नजर शिष्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावर गेली, तिथून आभाळात गरगरणाऱ्या घारीवर, आणि तिथून दूरच्या गवतावर. ती झटकन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नगा सांगू. मला ठावंच नसंल तर माज्या तोंडातनं जायचं न्हाई." पदर खोचून तिने टोपली उचलली. जाता जाता शिष्याला म्हणाली, "आन् शिष्यबुवा, तुमी कडं घालताय का भाकरी थापताय? जरा गोल करा की!"

सूर्य टेकला तेव्हा माळभर पांढरी कडी पसरली होती. तिघे उंचवट्यावर येऊन बसले. खरे कडे त्यांत कुठे आहे, ते शिष्यालासुद्धा पटकन सापडेना. सापडले तेव्हा त्याने मोठा श्वास सोडला. गवताच्या रंगाची एक पाठ त्यात निश्चल होती.

म्हाकू कळप वळवून गेली. मग शिष्याने विचारले, "गुरुजी, ते एकच कडं मोडलं असतं तर?"

गुरू म्हणाले, "मोडायला जवळ जावं लागलं असतं. ती उठली असती, आणि वर घार आहे. शिवाय दगड उचलता येतो रे, बाजारात टाकलेला शब्द उचलता येत नाही. खूण दिसली नाही तर शेटजी माणसं लावून गवत झोडपतील. त्यांना खूण हवी आहे. आपण भरपूर दिल्या." ते क्षणभर थांबले. "पण एवढ्यासाठी तुला संध्याकाळपर्यंत राबवलं नाही. सांग, रिकामी जागा सापडली का?"

"फार थोड्या सापडल्या."

"परवापर्यंत तुला या माळाची लाज वाटत होती. काल अभिमान वाटला, तो एका अंड्याचा. तुझा अभिमान त्या अंड्याएवढाच होता, म्हणून बाजारात धक्का लागताच फुटला. आता बघ केवढा झालाय."

शिष्याने माळाकडे पाहिले. मुंग्यांच्या टरफलांपासून चंडोलाच्या चोचींपर्यंत सगळे त्याला जागच्या जागी दिसत होते.

"अभिमान सोड, असं मी तुला कधीच म्हणणार नाही," गुरू म्हणाले. "ज्याला आपल्या मातीचा अभिमान नाही तो तिला राखेल कशाला? पण अभिमानाला कामाला कुठं लावायचं ते माणसानं ठरवावं. त्याच्या हातात दवंडीची हलगी दिलीस तर तो गाव गोळा करील. राखणीची काठी दिलीस तर उभा राहील आणि गप्प राहील. उद्या तुझी परीक्षा आहे. मी मध्ये बोलणार नाही."

सकाळी व्यापारी आला. वाटेवर बैलगाडी आणि गाडीवान थांबले, दोन नोकर काठ्या घेऊन मागे. व्यापाऱ्याच्या हातात कापूस भरलेली पितळी डबी होती. माळावर पाऊल ठेवताच तो थांबला. जिकडे नजर जाईल तिकडे पांढरी कडी.

"हा काय प्रकार?" तो हसला. पण माणूस चिकाटीचा होता. एका कड्यापाशी गेला, बाहेर उभा राहून आत डोकावला. माती. दुसऱ्याशी गेला. माती. तोही त्याच मुलखात वाढलेला. एकाही कड्यात त्याने पाय टाकला नाही, नोकरांनीही नाही. वाकून वाकून तिघांच्या कमरा धरल्या, तोंडे घामेजली. गुरू उंचवट्यावर बसून कुसळे काढत होते. शिष्य त्यांच्या शेजारी उभा होता.

निम्मी कडीही पाहून झाली नव्हती. अखेर व्यापाऱ्याने हाक दिली. "अहो शिष्यबुवा! यातलं खरं कडं कोणतं?"

शिष्य खाली उतरला. "शेटजी, ते मला सांगता यायचं नाही."

"सांगता यायचं नाही की ठाऊकच नाही?"

शिष्य गप्प राहिला.

"थाप होती ती!" एक नोकर म्हणाला. "मी तेव्हाच म्हणालो होतो. दगडं बघून बघून याला आता स्वप्नं पडायला लागली."

"थाप की नाही ते आत्ता कळेल," व्यापारी म्हणाला. त्याचा स्वर बदलला होता. "काठ्या घ्या. त्या टोकापासून गवत झोडपत या. पाखरू असेल तर उठेलच."

नोकर ओळीने उभे राहिले. पहिला फटका पडला. गवतातून नाकतोडे उडाले, एक चंडोल ओरडत निघून गेला. काठ्या पुढे सरकू लागल्या आणि त्यांची दिशा सरळ त्या एका कड्याकडे होती. शिष्याला ती दिसत होती. तिने मान जमिनीला चिकटवली होती. आणखी थोडे अंतर, आणि ती उठली असती.

त्याने उंचवट्याकडे पाहिले. गुरूंनी मान वर केली नाही.

"शेटजी, थांबवा!" शिष्य मोठ्याने म्हणाला. "गवत झोडपू नका. बाजारात मी बढाई मारली. ती नुसती बढाई होती, हे मी तुमच्यासमोर सांगतो. बाजारात सगळ्यांना सांगा. हवं तर मी येऊन सांगेन."

काठ्या थांबल्या. नोकर खो खो हसले. "सात पिढ्यांत पाहिलं नाही म्हणे! अरे, पुढच्या सात पिढ्या तुला हसतील!"

या मुलाला बाजारात पुन्हा कधी मान मिळणार नव्हता. त्याला ते माहीत होते. व्यापारी काही कठोर बोलणार म्हणून त्याच्या तोंडाकडे वळला, आणि तसाच राहिला. त्याने आयुष्यभर माणसे पारखली होती. खोटे बोलताना सापडलेल्या माणसाची मान अशी ताठ नसते. डोळे असे चमकत नसतात. आणि तो मुलगा व्यापाऱ्याकडे पाहतही नव्हता. पलीकडे, दूर पाहत होता.

व्यापारी मागे वळला.

दूरच्या टेकाडावर माळढोकाचा नर उभा होता. केव्हापासून उभा असेल कोण जाणे. सकाळपासून हे तिघे माती हुडकत वाकलेले होते. नराने छाती काढली होती. गळ्याची पांढरी पिशवी फुगून पार पायांपर्यंत उतरली होती, शेपूट पाठीवर उलटी उभी होती. सकाळच्या उन्हात तो माणसाएवढा वाटत होता, पागोटे-उपरणे घालून सभेला निघालेल्या माणसाएवढा. मग हुंकार आला, खोल, घुमणारा. तो कानांना ऐकू येण्याआधी छातीत जाणवला. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. सगळा माळ ऐकत होता.

नोकरांच्या हातांतल्या काठ्या खाली आल्या. व्यापारी किती तरी वेळ उभा राहिला. मग त्याने हातातल्या डबीकडे पाहिले, कापूस बोटाने दाबून झाकण लावले. जे समोर होते ते कुठल्याच कपाटात मावणारे नव्हते.

"चला," तो हलक्या आवाजात नोकरांना म्हणाला. शिष्याजवळून जाताना त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची चाल मात्र बदलली होती. येताना तो कड्याकड्याशी थांबत, डोकावत आला होता. जाताना प्रत्येक कड्याला दुरून वळसा घालत, गवतात बघून बघून पाय टाकत निघाला. नोकर त्याच्यामागे तसेच, नागमोडी.

वाटेवर गाडीशी उभा असलेला गाडीवान हे पाहून चक्रावला. म्हाकू तेवढ्यात कळप घेऊन तिथे पोचली होती. त्याने तिला विचारले, "काय गं, आमचा शेट असा वाकडातिकडा का चालतोय? सरळ वाट न्हाई व्हय इथं?"

म्हाकूने पाठीवरची घोंगडी सावरली, माळावर एकवार नजर फिरवली आणि आपल्याच घरातली बातमी सांगावी तशा थाटात म्हणाली, "न्हाई बाबा, आज न्हाई. आमचा समदा माळच व्यालाय. वळसा घालूनच जावं लागतंय."